पेठचा डबा आणि आण्याची वाघर

दादाभाऊनं चार वर्षांत एकदाही दिवस मावळताना बघितला नव्हता. फुगवून सांगत नाही. पेठला कोल्ड स्टोरेजच्या मागं दहा बाय आठची एक खोली होती. तिला एकुलती एक खिडकी, आणि त्या खिडकीला आतून थर्माकोल ठोकलेला, का तर एसीचा गारवा बाहेर जाऊ नये. रोज संध्याकाळी सहा ते सात हा गडी त्या खोलीत. दिवाळी असो, गावची यात्रा असो, बायको तापानं फणफणलेली असो. त्याच्या द्राक्ष संघातली माणसं कौतुकानं म्हणायची, "आमचा दादाभाऊ म्हणजे खुंटा आहे खुंटा." खुंट्याला काय वाटतं, हे कोणी विचारलं नाही.

मूळचा तो आण्याच्या पठारावरचा. घर मेंढक्यांचं. बाप भिमा मेंढरं घेऊन दरसाल घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचा. तो गेल्यावर आईनं, म्हाळसाबाईनं, कळप सांभाळला. दादाभाऊ शाळेत बरा निघाला, नारायणगावात कॉम्प्युटरचा कोर्स केला. सत्त्याण्णव साली द्राक्ष बागायतदारांच्या संघात चिकटला तेव्हा पठारावर चेष्टा व्हायची, "भिमाचं पोरगं खोकी राखतंय म्हनं." म्हाळसाबाई फटकन म्हणायची, "राखतंय न्हवं? मग झालं तर. राखनं आमच्या रक्तातच हाय."

संघाचं काम काय, तर जुन्नर-आंबेगावातल्या बागायतदारांची द्राक्षं परदेशी पाठवायची. तिकडं माल जायचा तर कुठल्या बागेवर कुठलं औषध कोणत्या तारखेला मारलं, ह्याची नोंद लागते. नोंद नाही तर कंटेनर नाही, मग द्राक्ष साखरेहून गोड का असेना. ह्या सगळ्या नोंदी नारायणगावच्या ऑफिसातल्या मोठ्या सर्व्हरवर असायच्या. दोन हजार तीन साली संघानं दुसरा सर्व्हर घेतला आणि तो पेठला ठेवला. सगळे त्याला डबाच म्हणायचे. नारायणगावला नोंद पडली की क्षणात तीच नोंद पेठलाही आपोआप पडायची. हुबेहूब जुळी भावंडं. अध्यक्ष सावळेराम उद्घाटनाला हार घालून बोलले, "आता नारायणगावावर वीज पडली तरी भ्या न्हाई. आपलं सगळं दोन ठिकाणी हाय." टाळ्या पडल्या. दादाभाऊनंही वाजवल्या, तेही जोरात.

पण जुळ्याची एक खोड असते. एकानं शेण खाल्लं की दुसराही खातो.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत, ऐन तोडणीत, नारायणगावच्या एका कारकुनानं मागच्या हंगामाची यादी पुसायला घेतली आणि चालू हंगामाचीच पुसली. बटण दाबलं, यादी गेली. पेठच्या डब्यानं बिचाऱ्यानं इमानेइतबारे तेच केलं, तीही यादी गेली. दोन ठिकाणी होतं ते दोन्ही ठिकाणी नाहीसं झालं. ऑफिसात रडारड. दादाभाऊ मात्र ऐटीत म्हणाला, "घाबरू नका. कालची कॉपी आहे माझ्याकडं."

होतीच. रोज संध्याकाळी तो पेठच्या डब्यावरून सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचा. पण कशा? तर चालत्या कामात. कॉपीला वीस मिनिटं लागायची. पहिली फाईल सहाला उतरायची, शेवटची सहा वीसला, आणि मधल्या वीस मिनिटांत गावोगावच्या नोंदी येतच असायच्या. त्यामुळं बागांची यादी सहाची आणि फवारण्या सहा वीसच्या. कॉपी उघडून बघायची बुद्धी दोन वर्षांत एकदाही झाली नव्हती. त्या दिवशी उघडली, आणि आत सगळा काला. कुठं बाग आहे तर फवारणी नाही, कुठं फवारणी आहे तर बाग नाही. एक्केचाळीस बागांचं काही जुळेना.

चाळीस जणांनी आपापल्या घरच्या वह्या आणून दिल्या, त्यावरून नोंदी परत भरल्या. एकाकडं वही नव्हती. महाळुंगे पडवळचा सोपान. तो म्हणायचा, "वही कशाला? दादाभाऊच्या कॉम्प्युटरात हाय की." त्याची दोन एकर बाग अडली ती अडलीच. माल पिकून मऊ पडला, शेवटी मिळेल तिथं विकावा लागला. सोपान शिव्या द्यायला आला असता तर बरं झालं असतं. तो आला एक पेटी घेऊन. दादाभाऊच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "खा भाऊ. लई ग्वाड हायत. तिकडल्या लोकांच्या नशिबात न्हाईत, तुमी तरी खा." आणि गेला. दादाभाऊनं त्या दिवसापासून द्राक्षाचा मणी तोंडात घातला नाही.

त्याच आठवड्यात तो आण्याला गेला. तोंड उतरलेलं. सांज झाली होती, मेंढरं रानातून परतत होती. मन रमवायला म्हणून तो वाटेवर उभा राहून मोजू लागला. एकदा एकाहत्तर भरली. पुन्हा मोजली तर अडुसष्ट. मागून म्हाळसाबाई ओरडली, "आरं ये शान्या! चालत्या कळपाची मोजदाद कोन करतं रं? म्होरली मागं जात्यात, मागली म्होरं येत्यात. वाघरीचं तोंड धर, एक एक आत सोड, मग मोज!"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. खुंट्या रोवून तिचं गोल कुंपण करायचं, एका बाजूला तोंड ठेवायचं. म्हाळसाबाई रोज मावळतीला त्या तोंडाशी उभी राहायची. कमरेला खड्यांची पुरचुंडी असायची, जितकी मेंढरं तितके खडे. एक मेंढरू आत गेलं की डाव्या हातातला एक खडा उजव्या हातात. कोकरू जन्मलं की खडा वाढायचा, मेंढरू गेलं की खडा टाकून द्यायचा. त्या सांजेला तिनं मोजली, एकोणसत्तर. खडेही एकोणसत्तर. दोन वर्षं आपण काय करत होतो, ते दादाभाऊला त्या जाळीपाशी कळलं.

परत जाऊन त्यानं पद्धतच बदलली. नारायणगावचं काम चालूच ठेवायचं, तिथं कुणाचा हात थांबवायचा नाही. फक्त पेठच्या डब्याचं तोंड धरायचं, म्हणजे नवीन नोंद आत घ्यायची नाही. अर्धवट आत आलेल्या नोंदी पुऱ्या होऊ द्यायच्या. कितव्या नोंदीवर थांबलो तो आकडा कागदावर लिहायचा. मग निवांत कॉपी घ्यायची आणि तोंड सोडायचं. खोळंबलेल्या नोंदी मागाहून येऊन पेठ नारायणगावला गाठतंच. एवढ्यावर थांबायचं नाही. ती कॉपी कोपऱ्यातल्या तिसऱ्या जुन्या मशीनवर उघडायची आणि आकडा कागदाशी जुळवायचा. जुळला तर ठीक, नाहीतर पहिल्यापासून. दिवसपाळीच्या नोंदी सहाला पुऱ्या व्हायच्या आणि सातला पेठचं भारनियमन सुरू व्हायचं. त्यामुळं हे सगळं करायला मधला एक तास.

दोन हजार सातच्या वळवात नारायणगावचा सर्व्हर खरोखरच जळला. दादाभाऊनं आदल्या संध्याकाळची कॉपी काढली आणि तीन तासांत संघ उभा केला. एकही बाग इकडची तिकडं नाही. वार्षिक सभेत शाल मिळाली, नारळ मिळाला. सेक्रेटरी धर्माजी माइकवर म्हणाले, "दादाभाऊ हाय तर संघ हाय." ऐकून ह्याची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी हा रजेचा अर्ज घेऊन गेला, तर धर्माजींनी अर्ज वाचलासुद्धा नाही. "येडा का काय तू? तूच न्हाईस तर कापी कोन घेनार?" शाल गळ्यात पडली ती अशी.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्याला शिकवावं की. खोलीत शेजारच्याच टेबलावर स्नेहल होती. पेठचीच, दोन लेकरांची आई, कामाला चोख. तिनं दोनदा विचारलं, "भाऊ, मला दाखवा ना. एखाद्या दिवशी मी करीन." दादाभाऊ "बघू" म्हणायचा. स्नेहलवर त्याचा राग नव्हता, अविश्वासही नव्हता म्हणा. पण कीबोर्डवरचा हात काढायची वेळ आली की त्याला टेबलावरची ती पेटी दिसायची. धर्माजींनी बाहेरून कडी लावली होती हे खरं. आतून कोयंडा त्यानंच अडकवला होता.

घरी सुप्रिया तापायची. बायकोच ती, किती दिवस गप्प बसेल? "लग्न माझ्याशी केलंय का त्या डब्याशी? त्याला रोज सांजंला ओवाळायला जाता ते!" हा हसण्यावारी न्यायचा. पण खोलीचं दार ओढून घेतलं की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. एसीची घरघर, हिरवे लुकलुकणारे दिवे, थर्माकोलची खिडकी. बाहेर पाऊस आहे का ऊन, काही कळायचं नाही. कधीकधी वाटायचं, उठावं आणि सगळ्या वायरी उपटून टाकाव्यात. मग तो मुकाट्यानं आकडा लिहायचा.

त्यात आईचे निरोप. पठारावर फोनला रेंज नव्हती. चुलतभाऊ गोरख घाटाच्या कडेला येऊन फोन लावायचा. "काकू म्हनती, सांजंला ये अन् कळप मोजून घे." म्हाळसाबाईला काचबिंदू झाला होता. दिसणं दर महिन्याला कमी होत चाललेलं, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं. कळप विकायला तिची ना नव्हती. पण त्यांच्या घरात रीत होती, पोटच्या पोराच्या हाती मोजून दिल्याशिवाय कळप हलवायचा नाही. भिमालाही त्याच्या बापानं असाच वाघरीच्या तोंडाशी उभं राहून मोजून दिला होता. खडे हातात ठेवले होते. त्यानंतर राखायचा का विकायचा, ती पोराची मर्जी.

दादाभाऊ आण्याला जायचा नाही असं नव्हे. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे निघायचा, आईजवळ दोन घास खायचा आणि दुपारच्या गाडीनं परत. पण दिवसा मेंढरं रानात. मोजणी मावळतीला. आणि मावळतीला हा पेठच्या खोलीत आकडा जुळवत बसलेला. एकच घटका, दोन ठिकाणी कसा पुरणार? दोन वर्षं तो म्हणत राहिला, "पुढच्या अमावस्येला येतो आई." म्हाळसाबाई म्हणायची, "ये बाबा. मला दिसतंय तवर ये."

दोन हजार नऊचा फेब्रुवारी. गोरखचा फोन आला. ह्या वेळी त्याचा आवाज निराळा होता. "दादा, काकूला आता मेंढरू पायाला धडकलं तरच कळतंय. कालच्याला दगडावर पडली. शनवारी पहाटं व्यापाऱ्याची गाडी येनार, ठरलंय. शुक्रवारी सांजंला तू आलास तर मोजून देती. न्हाई आलास तर तशीच गाडीत भरती म्हनली." मग म्हणाला, "रडली न्हाई. पर तुजं नाव घेऊन लई येळ खडं चाचपत बसली व्हती."

धर्माजींनी नेहमीप्रमाणं नकार दिला. सोमवारी नोंदींची तपासणी होती. दादाभाऊ पहिल्यांदा म्हणाला, "मग काढून टाका मला." आणि शुक्रवारी दुपारी स्नेहलसमोर येऊन उभा राहिला. एका कागदावर सगळं लिहून आणलं होतं, दोन्ही बाजूंनी. स्नेहलनं तो नुसता चाळला. "भाऊ, दोन वर्षं तुमच्या पाठीमागं बसून बघतेय मी. तोंड धरायचं, आकडा लिहायचा, उघडून जुळवायचं. जा तुम्ही. आई वाट बघत असतील."

तीनची एस्टी पकडली. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. आळेफाट्याला उतरला तेव्हा पावणेपाच. बेल्ह्यावरून आण्याला जाणारी गाडी समोर लागलेली, कंडक्टर हाका मारतोय. पाऊण तासात घरी, मावळायच्या आत. पुरचुंडी हातात घ्यायची, म्हणून त्यानं तळहात सदऱ्याला पुसून घेतले. तेवढ्यात फोन वाजला. धर्माजी.

"आरं कुठं उलथलायस तू? पेठची लाइट गेली ना! येळंआधीच गेली! बॅटरी अर्धा तास पुरंल, मग काय करायचं? का परत सोपानवानी कोनाची तरी बाग घालवायची?"

सोपानचं नाव ऐकलं आणि दादाभाऊनं फोन तोडला. त्यानं स्नेहलला फोन लावला, लागेना. परत लावला, लागेना. आण्याची गाडी निघाली. पलीकडं पुण्याची गाडी उभी होती. तो तिच्यात चढला.

नारायणगावला गाडी थांबली आणि स्नेहलचा फोन आला. "भाऊ, साहेबांनी तुम्हाला फोन केला म्हणे? काही काळजी करू नका. शेजारच्या पॅकहाउसच्या जनरेटरवरून लाइन घेतलीय, त्या माणसाशीच बोलत होते. डबा चालू आहे. सहाला कॉपी घेते. तुम्ही पोहोचला का?"

सव्वापाच वाजले होते. खाली उतरून जीप केली असती तर साडेसहाच्या आत तो वाघरीपाशी असता. मेंढरं तेव्हाच आत शिरतात. हे त्याला माहीत होतं, मागाहून सुचलं असं नाही. दरवाज्यापर्यंत तो गेलाही. पण मनात एकच किडा. जनरेटरचा झटका बसला असला तर? घाईत तिनं तोंड धरायच्या आधीच कॉपी सुरू केली तर? आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय नको. कंडक्टर म्हणाला, "पावणं, उतरताय का बसताय?" आणि दादाभाऊ बसला.

पेठला पोहोचला तेव्हा साडेसहाला दोन मिनिटं कमी. पळत खोलीत शिरला. स्नेहल जेवणाचा डबा आवरत होती. त्याला बघून तिच्या हातातलं झाकण खाली पडलं. "भाऊ! तुम्ही इथं कसे?"

त्यानं कागद ओढून घेतला. थांबल्याचा आकडा लिहिलेला होता, खाली वेळ, खाली सही. तिसऱ्या मशीनवर कॉपी उघडलेली होती. त्यानं आकडा जुळवला, जुळला. पुन्हा जुळवला, जुळला. मग एकेक बाग उघडून बघू लागला. स्नेहल शांतपणे म्हणाली, "महाळुंग्याच्या बागा मी आधीच बघितल्या. सोपानभाऊंची सगळ्यात आधी."

दादाभाऊ बाहेर आला. कोल्ड स्टोरेजच्या मागं, रस्त्यापलीकडं, दिवस मावळत होता. चार वर्षांनी दिसला तो असा. तिथल्या पायरीवर बसून तो लहान लेकरासारखा रडला. वॉचमननं विचारलं, "काय झालं भाऊ, कापी गेली का काय?" तो म्हणाला, "न्हाई. कॉपी चांगली आहे."

सकाळी पहिल्या गाडीनं आण्याला गेला. रानात गेल्यावर आधी दिसली ती उभी वाघर. तोंड उघडं, आत नुसत्या लेंड्या आणि लोकरीचे पुंजके. गाडी पहाटेच गेली होती. गोरख वाटेत भेटला, नजर चुकवून म्हणाला, "काल अंधार पडंस्तवर वाघरीचं तोंड धरून उभी व्हती. मेंढरं बाहेर वरडत्यात, ही आत सोडंना. खाली सडकंवर एस्टीचा हार्न वाजला की म्हनायची, आला माझा दादा. तीन एस्ट्या गेल्या. मग तिनंच एक एक चाचपून आत घेतली."

म्हाळसाबाई वाघरीपाशीच बसली होती. पावलांवरून तिनं ओळखलं.

"तुजी कापी झाली का काल?"

"झाली."

"बराबर आली?"

"आली."

"कोनी केली?"

"स्नेहलनं. हापिसातल्या बाईनं."

"मग तू कुठं व्हतास?"

आळेफाटा, नारायणगाव, मंचर. ह्यातलं दादाभाऊ काय सांगणार? म्हाळसाबाईनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि चाचपत त्याचा हात शोधून त्याच्यात ठेवली.

"त्रेसष्ट हायत. मोजून घे."

त्यानं जुन्या धोतराच्या फडक्यातल्या त्या पुरचुंडीची गाठ सोडली. मांडीवर खडे ओतले आणि एकेक करून डाव्या हातातून उजव्या हातात घेऊ लागला. चाळिसाच्या पुढं त्याला खडे दिसेनात, मोजणी चुकली. परत पहिल्यापासून धरली, परत चुकली.

म्हाळसाबाई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. "घाई न्हाई," ती म्हणाली. "खडं काय हालत न्हाईत."